सापडलेलं बाड कसं वाचावं? जुन्या भयकथा आणि गूढविद्येच्या पुस्तकांकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

मी सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली. कुणीतरी सांगितलं म्हणून अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टच्या कथांचा जाडजूड ठोकळा आणला आणि तीन दिवसांत अकरा कथा संपवल्या. चौथ्या दिवशी सगळी अक्राळविक्राळ दैवतं एकमेकांत मिसळली, सगळे निवेदक एकाच सुरात बेशुद्ध पडायला लागले आणि भीतीऐवजी जांभया आल्या. पुस्तक वर्षभर कपाटात पडून राहिलं. दोष त्या पुस्तकात नव्हता. भयकथा पोटभर खायची गोष्टच नाही, हे मला कळायला तेवढा वेळ लागला.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून ज्यांनी कधीकाळी दिवा चालू ठेवून रात्र काढली आहे, त्यांना पुढे कुठे जायचं हा प्रश्न पडतोच. इंग्रजीतलं आणि इंग्रजीत भाषांतर झालेलं जुनं भयसाहित्य अफाट आहे, त्याला लागूनच गूढविद्येच्या खऱ्या-खोट्या ग्रंथांचं रान आहे, आणि दोन्हींच्या मधलं कुंपण ठिकठिकाणी मोडलेलं आहे. त्यात शिरायची एक वाट खाली देतो. ती एकमेव नाही, पण मला उपयोगी पडली.

आधी एक किल्ली

या प्रांतात जवळजवळ प्रत्येक पुस्तक आपण दुसरंच काहीतरी असल्याचं सोंग करतं. इंग्रजीतली पहिली गॉथिक, म्हणजे जुने वाडे, शाप आणि भुतांची, कादंबरी मानली जाते ती होरेस वॉल्पोलची 'द कासल ऑफ ओट्रांटो'. ती 1764च्या अखेरीस आली तेव्हा तिच्यावर वॉल्पोलचं नावच नव्हतं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात 1529 साली नेपल्सला छापलेलं पुस्तक सापडलं आणि त्याचं हे इटालियनवरून केलेलं भाषांतर आहे, असं प्रस्तावनेत ठोकून दिलं होतं. लोकांनी विश्वास ठेवला. दुसऱ्या आवृत्तीत वॉल्पोलने कबुली दिली.

तेव्हापासून सापडलेलं बाड ही या साहित्याची जुनी खोड आहे. हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'मध्ये (1898) एका शिक्षिकेचं हस्तलिखित शेकोटीभोवती वाचलं जातं. विल्यम होप हॉजसनच्या 'द हाउस ऑन द बॉर्डरलँड'मध्ये (1908) आयर्लंडमधल्या पडक्या वास्तूच्या ढिगाऱ्यात वही मिळते. लव्हक्राफ्टचा निवेदक मेलेल्या आजोबांच्या भावाची कागदपत्रं उलगडत बसतो. आणि पुढे दिसेल की गूढविद्येचे 'खरे' ग्रंथही हाच डाव खेळतात.

म्हणून कुठलंही पुस्तक हातात घेतलं की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: हे बाड कुणी लिहिलं, कधी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं? कथेच्या आत विचारले तर गोष्ट जास्त अंगावर येते. कथेच्या बाहेर, पुस्तकाबद्दल विचारले तर फसगत टळते.

पहिली पायरी: चार लघुकथा, चार वेगळ्या रात्री

कादंबरी नको, समग्र संग्रह नको. आधी फक्त चार कथा.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ' (1902) तासाभरातही संपते. तिच्यात भूत दिसतच नाही, दारावरची थाप ऐकू येते एवढंच. चार्ल्स डिकन्सची 'द सिग्नल-मॅन' (1866) रेल्वेच्या बोगद्यापाशी घडते. आदल्याच वर्षी, जून 1865 मध्ये, डिकन्स स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून वाचला होता, हे माहीत असलं की तिच्यातल्या लाल दिव्याचा रंग बदलतो. शेरिडन ले फानूची 'ग्रीन टी' एका पाद्रीबाबांच्या मागे लागलेल्या छोट्या काळ्या माकडाची आहे. ऐकायला विनोदी, वाचायला अजिबात नाही. चौथी शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' (1892). तिच्यात अलौकिक काही आहे की नाही यावर वाद घालता येतो, आणि तो घालण्यासाठीच ती वाचायची.

एका रात्री एकच. संपली की लगेच फोन हातात घेऊ नका, दहा मिनिटं तशीच जाऊ द्या. दोन कथांमध्ये एखादा दिवस रिकामा गेला तर उत्तमच. जुन्या भयकथा मासिकांसाठी लिहिलेल्या असत, म्हणजे वाचकाला महिन्यातून एक-दोन मिळत. त्या एका दमात वीस वाचल्या की लेखकाच्या हातचलाख्या उघड्या पडतात, आणि तो दोष त्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

शक्य असेल तर एखादी कथा मोठ्याने वाचून दाखवा. आवाज चढवायचा नाही, नाटक करायचं नाही. बातमी वाचावी तशी वाचायची. समोरच्याचा चेहरा बघा.

दुसरी पायरी: एम. आर. जेम्स, सावकाश

इथे जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण भूतकथा कशी वाचावी हे शिकायला याच्याइतका चांगला मास्तर नाही. माँटेग्यू ऱ्होड्स जेम्स (1862–1936) हा मुळात हस्तलिखितांचा पंडित. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा प्रमुख, नंतर ईटन या शाळेचा. आयुष्य जुन्या पोथ्यांच्या सूच्या करण्यात गेलं. भूतकथा हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग: नाताळच्या सुमारास मित्रमंडळी जमायची, दिवे मंद व्हायचे आणि हा नुकतंच लिहून संपवलेलं काहीतरी वाचून दाखवायचा. पहिला संग्रह 'घोस्ट स्टोरीज ऑफ ॲन अँटिक्वरी' 1904 साली आला. त्यात आठच कथा आहेत.

त्याच्या कथेचा साचा ठरलेला आहे. एक अभ्यासू, जरासा एकलकोंडा गृहस्थ. एखादी वस्तू: शिट्टी, चित्र, जुन्या ग्रंथातून कापलेली पानं. त्या वस्तूत नको तेवढा रस. आणि मग काहीतरी जवळ येतं. नवखे वाचक इथे दोन ठिकाणी अडखळतात. सुरुवातीची पानं कोरडी वाटतात, सनावळ्या, चर्चच्या खिडक्या, लॅटिन वाक्यं. ती गाळू नका. तो खोट्या गोष्टीला खऱ्या कागदांचा पाया घालत असतो, आणि तुम्ही कंटाळून सैल बसलात की नेमकं तेव्हा एका अर्ध्या वाक्यात काहीतरी केसाळ हालतं. दुसरी अडचण अशी की ते अर्धं वाक्य वेगाने वाचणाऱ्याच्या हातून निसटतं. 'कुठे काय झालं?' असं वाटलं तर एक पान मागे जा, ते तिथेच असतं.

'ओह, व्हिसल, अँड आय'ल कम टू यू, माय लॅड' पहिली वाचा, मग 'काउंट मॅग्नस', आणि मग दुसऱ्या संग्रहातली (1911) 'कास्टिंग द रुन्स'. तिच्यात गूढविद्येवर पुस्तक लिहिणारा एक खुनशी माणूस आहे. पुस्तकावर वाईट अभिप्राय दिला की तो काय करतो, ते वाचून समीक्षकांबद्दल दया वाटते.

याच दुसऱ्या संग्रहाच्या प्रस्तावनेत जेम्सने आपले नियम सांगितले आहेत. भूत दुष्ट असलं पाहिजे. प्रेमळ, मदतीला येणारी भुतं परीकथेत शोभतात. आणि गूढविद्येची परिभाषा कथेत आणू नये, कारण तिच्यामुळे कथेला शास्त्रीयपणाचा आव येतो आणि कल्पना गप्प बसते. आयुष्यभर जुनी हस्तलिखितं चाळलेला माणूस हे सांगतो आहे, हे लक्षात ठेवा. पुढे मंत्रग्रंथांकडे वळाल तेव्हा कामाला येईल.

तिसरी पायरी: तुमची भीती कोणती ते ओळखा

एवढं वाचून झालं की कशाने आपल्या अंगावर काटा येतो याचा अंदाज यायला लागतो. त्यानुसार वाट निवडायची.

बंद खोली, जुनं घर, आपल्याशिवाय आणखी कुणीतरी आत असल्याची जाणीव, हे ज्यांना भिडतं त्यांनी ऑलिव्हर ओनियन्सची 'द बेकनिंग फेअर वन' (1911) घ्यावी आणि तिथून थेट शर्ली जॅक्सनच्या 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस'कडे (1959) जावं. जॅक्सनचा पहिला परिच्छेद दोनदा वाचा. घर नॉर्मल नाही हे ती एकाही भुताशिवाय सांगते.

ज्यांना माणसापेक्षा फार मोठ्या, बेपर्वा गोष्टीची भीती वाटते त्यांच्यासाठी अल्जरनन ब्लॅकवुडची 'द विलोज' (1907). डॅन्यूब नदीवर होडीने निघालेले दोघे मित्र एका वाळूच्या बेटावर अडकतात. आजूबाजूला फक्त पाणी, वारा आणि वाळुंजाची झुडपं, एवढ्यावर त्याने कथा उभी केली आहे. लव्हक्राफ्ट या कथेला फार वरचं स्थान द्यायचा, आणि इथे मी त्याच्याशी सहमत आहे. आर्थर मॅकनची 'द ग्रेट गॉड पॅन' (1894) जास्त प्रसिद्ध, पण माझं मत 'द व्हाइट पीपल'ला. त्यातल्या मुलीच्या हिरव्या वहीत काय लिहिलंय हे तिला स्वतःलाही पुरतं कळत नाही, आपल्यालाही नाही, आणि तरी वाचताना कुठेतरी चुकीच्या जागी पाऊल पडल्यासारखं वाटत राहतं.

'ड्रॅक्युला' (1897) सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून बहुतेकांनी वाचलेली नसते. ती रोजनिशी, पत्रं आणि कात्रणांची बनलेली आहे, पहिली नोंद 3 मेची आणि शेवटची नोव्हेंबरची. मे महिन्यात सुरू करून ज्या तारखेची नोंद त्या तारखेला वाचा. दोन पत्रांमध्ये दहा दिवस काहीच येत नाही तेव्हा पलीकडे काय चाललं असेल याची जी धाकधूक होते, ती सलग वाचनात मिळत नाही. पिशाच्चाचीच गोष्ट पण लहान आणि जास्त मऊ विषाची हवी असेल तर ले फानूची 'कार्मिला'. ती ड्रॅक्युलाच्या पंचवीस वर्षं आधीची आहे आणि 'इन अ ग्लास डार्कली' (1872) या संग्रहात 'ग्रीन टी'च्याच सोबत मिळते.

काही ठिकाणी मात्र सरळ गाळागाळ करा. रॉबर्ट चेंबर्सचा 'द किंग इन यलो' (1895) घेतलात तर पहिल्या चार कथा वाचा. वाचणाऱ्याला वेड लावणाऱ्या नाटकाचा धागा तिथेच आहे, पुढे बराचसा पॅरिसमधल्या चित्रकारांचा प्रणय आहे. हॉजसनची 'द नाइट लँड' (1912) कल्पनेने थक्क करते, पण मुद्दाम घडवलेल्या जुनाट इंग्रजीत शेकडो पानं चालते. तिला हात लावायची घाई नको. 'ओट्रांटो' इतिहास म्हणून वाचा: पहिल्याच प्रकरणात आकाशातून राक्षसी शिरस्त्राण पडतं आणि नवरामुलगा चिरडतो. आज तिथे हसू येतं. येऊ द्या.

चौथी पायरी: लव्हक्राफ्ट, पण तोलून

एच. पी. लव्हक्राफ्ट (1890–1937) टाळता येत नाही आणि आधी घेऊ नये. 'द कलर आउट ऑफ स्पेस' (1927) पहिली, मग 'द कॉल ऑफ थुलू' (1928), मग 'द शॅडो ओव्हर इन्स्मथ'. तीन कथांमध्ये तीन आठवडे घातलेत तरी चालेल. विशेषणांचा भडिमार होतो तिथे दमू नका, तो त्याचा श्वास घेण्याचा प्रकार आहे.

त्याचा वंशद्वेष कथांमध्येही उतरलेला आहे, नुसता पत्रांत नाही. इन्स्मथची सगळी भीती 'मिसळलेल्या रक्ता'ची आहे. हे माहीत असून वाचायचं की वाचायचंच नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी वाचतो, आणि त्या जागी मला त्याची स्वतःची भीती दिसते.

आवृत्ती निवडताना एक नाव लक्षात ठेवा: एस. टी. जोशी. लव्हक्राफ्टच्या हयातीत मासिकांनी त्याच्या मजकुराची बरीच मोडतोड केली होती. मूळ हस्तलिखितं आणि टंकलिखितं ताडून शुद्ध पाठ तयार करण्याचं काम या अभ्यासकाने केलं आणि त्याचं चरित्रही लिहिलं. सुनंद त्र्यंबक जोशी यांचा जन्म 1958 साली पुण्यात झाला. अमेरिकन वैश्विक भयकथेच्या महापंडिताचं आडनाव जोशी निघावं, याची मला अजून गंमत वाटते.

आणि 'नेक्रोनॉमिकॉन'. हा शापित ग्रंथ लव्हक्राफ्टने कल्पनेतून निर्माण केला. वेडा अरब लेखक, भाषांतरं, बंदी, कुठल्या ग्रंथालयात प्रत आहे, असा सगळा खोटा इतिहासही त्याने लिहून ठेवला. इतका बेमालूम, की लोक खरोखर शोधायला लागले. जिथे गिऱ्हाईक तिथे माल: 1977 साली 'सायमन' या टोपणनावाखाली या शीर्षकाचं पुस्तक प्रत्यक्ष बाजारात आलं, सुमेरियन दैवतांची नावं वगैरे घालून. आजही नवखा माणूस ते 'मूळ ग्रंथ' म्हणून घेतो. तीन प्रश्न विचारले असते तर दुसऱ्याच प्रश्नाला सुटका झाली असती.

पाचवी पायरी: विस्मृतीतली पुस्तकं शोधणं

इथून खरा छंद लागतो. विस्मृतीत गेलेली सगळी पुस्तकं वाईट म्हणून गेली नाहीत. काही मासिकाच्या एका अंकात छापली गेली आणि अंकाबरोबर रद्दीत गेली. काही शेजाऱ्याच्या सावलीत मेली: रिचर्ड मार्शची 'द बीटल' 1897 साली ड्रॅक्युलाच्याच वर्षी आली आणि सुरुवातीला तिच्यापेक्षा जास्त खपली, आज तिचं नाव सांगावं लागतं. लव्हक्राफ्टही याच वाटेने जायचा. तो गेल्यावर ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्रे या दोघांनी केवळ त्याच्यासाठी 1939 साली 'आर्कम हाउस' ही प्रकाशनसंस्था काढली. पहिल्या पुस्तकाच्या 1268 प्रती छापल्या, आणि त्या संपायलाही काही वर्षं लागली.

शोधायचं कसं? सर्वांत चांगला नकाशा लव्हक्राफ्टनेच काढून ठेवला आहे. 'सुपरनॅचरल हॉरर इन लिटरेचर' (1927) हा त्याचा लांब निबंध फुकट उपलब्ध आहे. पेन्सिल घेऊन वाचा, जी नावं कधीच ऐकली नाहीत त्यांच्यावर खूण करा. त्याच्या मतांशी भांडा, पण यादी ठेवा. दुसरा मार्ग जुन्या प्रातिनिधिक कथासंग्रहांच्या अनुक्रमणिकांचा. चार संपादकांनी एकच अनोळखी नाव घेतलं असेल तर त्या नावात दम असतो. या वाटेवर लेखिका फार भेटतात, व्हर्नन ली, ईडिथ नेस्बिट, ईडिथ व्हॉर्टन. नेस्बिटला लोक मुलांची लेखिका म्हणून ओळखतात. तिची 'मॅन-साइझ इन मार्बल' वाचली की मुलांना तिच्याकडे सोपवावं का असा प्रश्न पडतो.

इंग्रजीच्या बाहेर नजर टाकली तर कपाट दुप्पट होतं. पोलंडचा स्टेफान ग्राबिन्स्की (1887–1936) आगगाड्यांच्या भयकथा लिहायचा: भलत्या रुळावरून येणारी गाडी, वेगाने झपाटलेला गार्ड. प्रागमध्ये बँकेचा धंदा करून बसलेला गुस्ताव्ह मायरिंक. त्याची 'द गोलेम' (1915) स्वप्नात चालल्यासारखी आहे, कथानक पकडायला जाऊ नका. बेल्जियमच्या जाँ रेची 'माल्पेर्तुई' (1943). जपानच्या उएदा आकिनारीच्या नऊ कथा, 'उगेत्सु मोनोगातारी' (1776). लाफकॅडियो हर्नचं 'क्वाइदान' (1904). चीनच्या पू सोंगलिंगच्या तर जवळपास पाचशे गोष्टी आहेत, कोल्हिणी, भुतं, परीक्षेत नापास झालेले विद्वान. तो स्वतः आयुष्यभर त्या परीक्षांमध्ये अडकला होता. या गोष्टी दिवसाला एक अशा हिशेबाने वाचाव्यात.

आणि रॉबर्ट एकमन. रिचर्ड मार्शचा हा नातू आपल्या कथांना 'विचित्र कथा' म्हणायचा. कथा संपते, काय झालं ते कळत नाही, आणि आठवडाभर ती मनातून जात नाही. उलगडा मागणाऱ्या वाचकाने याच्यापासून लांब राहावं.

सहावी पायरी: मंत्रग्रंथांच्या दारात

आता कुंपणापलीकडे. पहिला सल्ला: मूळ ग्रंथाने सुरुवात करू नका, इतिहासाने करा. ओवेन डेव्हिस या इतिहासकाराचं 'ग्रिमवार्स' (2009) मंत्रग्रंथांचा सगळा प्रवास सांगतं, कुठल्याही बाजूचा प्रचार न करता. ते वाचलं की पुढची पुस्तकं आपोआप तीन ढिगांत पडतात: खरोखर जुने ग्रंथ, एकोणिसाव्या शतकाने नव्याने शिजवलेले, आणि निव्वळ बनावट.

जुन्या ढिगातली गंमत अशी की लेखक म्हणून लिहिलेलं नाव बहुधा खोटं असतं. मंत्रांचं पुस्तक बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या नावावर खपतं, गल्लीतल्या कुणाच्या नाही. कॉर्नेलियस अग्रिपाने गूढ तत्त्वज्ञानाचे तीन खंड लिहिले, ते 1533 साली पूर्ण छापले गेले. तो 1535 मध्ये गेला आणि नंतर त्याच्या नावावर चौथा खंडही अवतरला! त्याचा शिष्य योहान वायर याने तो खोटा असल्याचं सांगितलं, पण खप काही थांबला नाही.

या वायरची गोष्ट या प्रांतातली माझी सर्वांत आवडती. तो वैद्य होता आणि चेटकिणी म्हणून बायका जाळण्याच्या विरोधात होता. आपल्या ग्रंथाला त्याने 1577 साली एक पुरवणी जोडली: 69 सैतानी सरदारांची यादी, पदव्या आणि फौजफाट्यासकट. हेतू असा, की हा वेडेपणा उजेडात आला की लोक शहाणे होतील. झालं उलटंच. पुढच्या शतकात जमवलेल्या 'गोएशिया' या मंत्रग्रंथातली 72 जणांची यादी बरीचशी त्याच्याच यादीवर उभी आहे. इंग्लंडमध्ये रेजिनल्ड स्कॉटचं तेच झालं. त्याने 1584 साली चेटकाचा समज खोडून काढायला 'द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' लिहिलं, त्यात जादूगारांच्या हातचलाख्या उघड केल्या आणि खिल्ली उडवण्यासाठी मंत्रही छापले. खेडोपाडीच्या मांत्रिकांनी ते मंत्रच वापरायला घेतले. 1665च्या आवृत्तीत तर कुणा अनामिकाने भुताखेतांवरची आणखी प्रकरणं घुसडून दिली. 'कशासाठी लिहिलं' हा प्रश्न इथे किती महत्त्वाचा ते बघा: लेखकाचा हेतू आणि पुस्तकाचं नशीब एकमेकांकडे पाठ करून चालले.

'मॅलियस मालेफिकारम' (1486) मात्र गंमत म्हणून उघडू नका. ते चेटकिणी ओळखून, छळून, मारण्याचं हस्तपुस्तक आहे. वाचायचंच तर क्रिस्टोफर मॅके यांचं 2006चं भाषांतर घ्या. फुकट फिरतं ते माँटेग्यू समर्सचं 1928चं, आणि समर्सचा या सगळ्यावर मनापासून विश्वास होता, हे त्याच्या प्रस्तावनेतून ठिबकतं. तसंच मार्गारेट मरेचं 1921चं पुस्तक. युरोपात चेटकिणींचा एक गुप्त प्राचीन धर्म होता हा तिचा सिद्धान्त इतिहासकारांनी कधीच निकालात काढला, पण भयकथाकारांना तो फार लाभला. लव्हक्राफ्टनेही उचलला.

दुसऱ्या ढिगात फ्रान्सिस बॅरेटचं 'द मेगस' (1801) आहे, बरंचसं अग्रिपावरून उतरवलेलं. एलिफास लेव्हीचं 1850च्या दशकातलं उच्च जादूवरचं पुस्तक. बकऱ्याच्या तोंडाच्या बॅफोमेटचं जगभर पसरलेलं चित्र त्याचंच. आणि लंडनमध्ये 1888 साली निघालेली 'गोल्डन डॉन' ही गूढविद्येची मंडळी. तिचा पायाच मुळी सांकेतिक लिपीतली काही सापडलेली पानं आणि जर्मनीतल्या एका बाईंची पत्रं. त्या बाई बहुधा अस्तित्वातच नव्हत्या. वॉल्पोलचा डाव पुन्हा एकदा, फक्त इथे लोकांनी दीक्षा घेतल्या. कवी येट्स त्यात होता, मांत्रिक म्हणून गाजलेला आलिस्टर क्राउली होता, आणि मॅकन आणि ब्लॅकवुडही. म्हणजे तिसऱ्या पायरीवर ज्यांच्या कथा वाचल्यात ते दोघे या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना वावरलेले.

या ग्रंथांतलं काही करून बघायचं का? भीतीपोटी नाही, पण एका साध्या कारणासाठी नको: जुन्या धुपांच्या आणि लेपांच्या पाककृतींत धोतऱ्याच्या जातीच्या विषारी वनस्पती आणि पारा सर्रास असतो. बाकी राहिला मंत्राचा परिणाम. बहुतेक मंत्रग्रंथ विलक्षण कंटाळवाणे असतात: कुठल्या वारी, कुठल्या प्रहरी, कसल्या कातड्यावर. चार पानांत डोळा लागतो.

सातवी पायरी: प्रत हातात घेताना

वर सांगितलेलं बरंचसं प्रताधिकारमुक्त आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर शुद्ध मजकूर, इंटरनेट अर्काइव्हवर मूळ पानांचे फोटो आणि लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी केलेली वाचनं मिळतात. जॅक्सन आणि एकमन मात्र विकत घ्यावे लागतील किंवा ग्रंथालयातून आणावे लागतील. छापील प्रत घेताना प्रकाशकाचं नाव, संपादक आणि भाषांतरकार यांपैकी काहीच दिसत नसेल तर ती यंत्राने उचललेल्या मजकुराची, चुकांनी भरलेली प्रत असण्याची दाट शक्यता. कुठली आवृत्ती तेही बघा: 'फ्रँकन्स्टाइन'चे 1818 आणि 1831 असे दोन पाठ आहेत आणि मेरी शेलीने मधल्या काळात बरंच बदललं. मी 1818चा वाचायला सांगेन.

अभ्यासू प्रस्तावना कथेनंतर वाचा. या विषयाचे पंडित शेवट पहिल्या पानावर फोडण्यात निष्णात आहेत.

जुन्या प्रती गोळा करायचा नाद लागलाच, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या भडक हिरव्या कापडी बांधणीपासून जपून. त्या हिरव्या रंगात आर्सेनिक असू शकतं. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने 2019 पासून अशा पुस्तकांचा शोध चालवला आहे. हातमोजे घाला, पान उलटताना बोट जिभेला लावू नका, आणि ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत वेगळं ठेवा. आयुष्यभर शापित ग्रंथांबद्दल वाचल्यावर खरोखर विषारी पुस्तक भेटावं ते बांधणीच्या रंगामुळे.

सगळं झाल्यावर एका निवांत रात्री येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर 408 क्रमांकाचं हस्तलिखित उघडा. व्हॉयनिच म्हणून ते ओळखलं जातं. त्याच्या चर्मपत्राचा काळ 1404 ते 1438 दरम्यानचा ठरला आहे. लिपी कुणालाच वाचता आलेली नाही. कुठेच न उगवणाऱ्या वनस्पती, हिरव्या पाण्यात उभ्या बायका, वर्तुळांत मांडलेले तारे. तीन प्रश्नांपैकी 'कधी' सुटला, बाकीचे दोन तसेच आहेत. दिवा मंद करा आणि पानं उलटत राहा.